पॉलीपाशी थांबवलेली रेघ

गिंकोची फळं पडायला लागली की माझ्या मुलीच्या पियानो क्लाससमोर गाडी लावणं नको होतं. वर पानं अशी की कॅलेंडरवर छापावीत, पिवळीधमक, आणि खाली जर्दाळूएवढ्या मऊ फळांचा चिखल. बुटाखाली एखादं फुटलं की नासलेल्या लोण्याचा आणि ओकारीचा मिळून एक वास सुटतो. तो बुटाला चिकटून गाडीत येतो, गाडीतून गराजमध्ये, आणि गराजमधून थेट स्वयंपाकघरात. परवा अन्वी, वय वर्षं दहा, सीटबेल्ट लावता लावता म्हणाली, "आई, इट स्मेल्स लाइक समबडी थ्रू अप. प्लीज डोन्ट पार्क हिअर." मी म्हटलं, "खाली उतर आणि बूट गवतावर पूस." तिनं पुसले. वास काही गेला नाही.

गिंकोत नर आणि मादी अशी झाडं वेगळी असतात, आणि फळतं ते मादीच. म्हणून इकडे अमेरिकेत गावं शक्यतो नर रोपंच लावतात. आमच्या वेस्ट विंडसर गावात क्लासच्या त्या रस्त्यावर एक चुकून मादी निघाली, आणि ते झाड तोडावं म्हणून दर वर्षी कुणीतरी सह्या गोळा करतं. यंदा समोरचे काका माझ्याकडेही कागद घेऊन आले होते. "अगं, सगळ्यांनी साइन केलंय, तुझीच राहिलीय," म्हणाले. मी केली नाही. झाडाचा पुळका म्हणून नव्हे. वर्षातून एकदा मला हा वास यायला हवा, असं माझं मत आहे. ज्या माणसानं कुठे घाण करून ठेवलेली असते त्याला ती अधूनमधून हुंगायला लावावी, आणि ते माणूस मी आहे.

सोळा वर्षांपूर्वीचा फॉल, म्हणजे पानगळीचा मोसम, मी पेनसिल्व्हेनियातल्या स्टेट कॉलेज गावात काढला. स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करत होते. नागपूरच्या श्रुतीबरोबर एका अपार्टमेंटमध्ये राहत होते, आणि कॅम्पस बसच्या थांब्यापासून आमच्या दारापर्यंत गिंकोंची रांग होती. तिथल्या रांगेत माद्या बऱ्याच होत्या. सकाळी थंडीनं फळं कडक असत, दुपारी उन्हानं ती पाझरत, आणि संध्याकाळी बसमधून उतरणारा प्रत्येक जण आपल्या बुटाच्या तळाकडे संशयानं बघे. घराघरांच्या पायऱ्यांवर हॅलोविनचे कोरलेले भोपळे नोव्हेंबर अर्धा सरला तरी तसेच पडलेले असत. त्यांची तोंडं आत वळत, डोळ्यांना काळी बुरशी धरे आणि खारी त्यांच्यातून बिया ओढून काढत. लोकांना तो ऋतू फार सुंदर वाटतो. दोन-दोन तास ड्राइव्ह करून ते पानं बघायला येतात. मला त्या ऋतूतलं फक्त कुजणं आठवतं.

त्या सप्टेंबरात डिपार्टमेंटच्या बोर्डावर एक चिठ्ठी लागली होती. एका आजीबाईंना आपल्या घराण्याचा वंशवृक्ष करायला कॉम्प्युटर येणारा, चिकाटीचा मदतनीस हवा होता. आमच्या व्हिसावर बाहेर पगारी काम करता येत नसे, आणि आजीबाईंनी पगार लिहिलाही नव्हता. आठवड्यातून दोनदा गरम जेवण आणि परत जाताना गाडीनं घरी सोडणं, एवढंच. मी लगेच फोन केला. जेवणासाठी केला हे खरं, पण दुसरंही एक कारण होतं. मला वाटत होतं, हे काम माझ्याइतकं या गावात दुसऱ्या कुणालाच येत नसेल.

कारण दहावीच्या सुट्टीत मी दादाकाकांबरोबर एस.टी.नं साताऱ्यापासून कोल्हापूरपर्यंत फिरले होते. दादाकाका म्हणजे वडिलांचे थोरले भाऊ, निवृत्त हेडमास्तर. त्यांनी आमच्या कुळाचा कुलवृत्तांत करायला घेतला होता. आमच्या आडनावाची जेवढी घराणी असतील तेवढ्यांची, मूळ पुरुषापासून पाळण्यातल्या बाळापर्यंत, सगळी जंत्री. माझं अक्षर चांगलं म्हणून फॉर्म भरायला मी. फॉर्मवर मुलग्यांसाठी अख्खं पान होतं: शिक्षण, हुद्दा, पत्ता, अपत्ये. मुलींसाठी तळाशी दोन ओळी. नाव, आणि त्याच्यापुढे रकाना 'कोणास दिली'. तो भरला की त्या मुलीखाली एक आडवी रेघ मारायची आणि पुढच्या मुलाकडे वळायचं.

इस्लामपूरला एका घरी सरबत घेऊन आलेल्या बाई माहेरपणाला आलेल्या होत्या. ट्रे खाली ठेवून त्या म्हणाल्या, "दादा, माझ्या दोघींची नावं पण घाला की. धाकटी डॉक्टर झालीय." दादाकाका हसले. "ताई, त्या त्यांच्या कुळाच्या पुस्तकात येतील. आपण लिहिलं तर दुबार नोंद होईल." बाई बरं म्हणाल्या आणि रिकामे पेले उचलून आत गेल्या. मला तो नियम फार शिस्तीचा वाटला. पुढे कॉलेजात सेट थिअरी शिकताना मला त्याचीच आठवण झाली होती, इतका वाटला.

हे सगळं मी डोरोथी मॅकलरी यांना पहिल्याच दिवशी सांगितलं. डोरोथी सत्तरीच्या, शाळेत संगीत शिकवून निवृत्त झालेल्या, एकट्या. त्या हरखल्या. नंतर येईल त्याला सांगत सुटल्या की ही मेधा, त्यांच्या तोंडी 'मेडा', पाच हजार वर्षांच्या संस्कृतीतून आलीय आणि तिच्या घरी पूर्वजांची पुस्तकं लिहितात. मी नको नको म्हणायची आणि आतून फुगायची.

त्यांच्या घरात भोपळ्याच्या वासाची मेणबत्ती सतत जळत असे. तिच्याखाली मांजराच्या मुताचा वास लपवलेला होता, आणि दोन्ही मिळून जे व्हायचं ते नुसत्या मुतापेक्षा वाईट होतं. भिंतीवर पिसं लावलेली ड्रीमकॅचरची जाळी. फ्रिजवर कागदी पिसांचा टोप घालून सिनेमातल्या रेड इंडियनांसारखा तोंडावर हात आपटणाऱ्या चुलत नातवाचा फोटो. जेवणाआधी डोरोथी माझं बोट धरून आपल्या गालाच्या हाडावर टेकवत. "कळतंय? ही सुझॅना." गाल पावडरीनं भुरभुरीत असे. मी बोट जीन्सला पुसत असे, टेबलाखाली.

सुझॅना ही त्यांची मूळ बाई. वसाहतींच्या काळात, म्हणजे अमेरिका अजून इंग्रजांची होती तेव्हा, जॉन मॅकलरी नावाचा हरणाच्या कातड्यांचा एक व्यापारी दक्षिणेत चेरोकी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या गावांत जाऊन राहिला. तिथे त्यानं एका चेरोकी बाईबरोबर संसार केला. त्याच्या मृत्युपत्राची नक्कल डोरोथींकडे होती. त्यात ती बाई एका ओळीत येते: माझी इंडियन बाई सुझॅना हिला एक बिछाना आणि तांब्याच्या दोन किटल्या. सुझॅना हे नाव त्यानंच ठेवलेलं. तिचं खरं नाव काय होतं ते त्यानं लिहिलं नाही. दोन मुलं झाली. थॉमस आणि पॉली. थॉमसला नवव्या वर्षी शिकायला म्हणून आपल्या भावाकडे पेनसिल्व्हेनियात पाठवून दिलं, आणि त्याच्यापासून डोरोथींपर्यंतचा सगळा मॅकलरी गोतावळा. पॉली आईजवळ राहिली.

डोरोथींच्या नातेवाइकांत सुझॅनाचं जे काही चाललेलं असे त्याला तोड नव्हती. ती राजकन्या होती यावर सगळ्यांचं एकमत. चेरोकींमध्ये राजाच नव्हता तर राजकन्या कुठून येणार, हे मी लायब्ररीत वाचलेलं होतं, पण मूग गिळून बसले. जेवण गरम असे. एका पुतण्यानं नळीत थुंकी भरून डीएनए तपासायला लॅबला पाठवली होती. अहवालात चेरोकींचा मागमूस नव्हता. मग लॅबच गचाळ आहे असं ठरलं. एकीकडे राजकन्येचं रक्त हवं, आणि तिची माणसं आज कुठे राहतात, कशी राहतात, त्यांना त्यांच्या जमिनीवरून हुसकावून सरकारनं ओक्लाहोमापर्यंत कसं चालवत नेलं, वाटेत किती माणसं गाडावी लागली, याची चौकशी शून्य. ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ विचारू नये म्हणतात ते याचसाठी असावं. विचारणाऱ्याला उत्तर नकोच असतं, त्याला दागिना हवा असतो. असलं सगळं मी घरी येऊन श्रुतीला तावातावानं सांगायची, आणि ती कांदा चिरता चिरता म्हणायची, "यार, तू पण ना. खायला काय दिलं ते सांग."

आता मुख्य गोष्ट. डोरोथींनी पहिल्या दिवशी मला काय सांगितलं होतं ते मला शब्दशः आठवतं. "सुझॅनाचे सगळे वंशज. ऑल ऑफ देम, डिअर." डोरोथी ढोंगी असतील, भाबड्या असतील, पण त्या 'सगळे' म्हणाल्या होत्या. थँक्सगिव्हिंगनंतरच्या शनिवारी सगळ्या मॅकलरींचा मेळावा होता. तिथे बारा फुटी कागदावर तो वृक्ष लावायचा आणि मग तो काउंटीच्या छोट्या म्युझियमला कायमचा द्यायचा, असं ठरलं होतं.

मी कामाला लागले. थॉमसचे मुलगे, मुलग्यांचे मुलगे. त्यांच्या बायका कंसात. मुलींची लग्नं झाली की खाली जाड रेघ. जनगणनेची रजिस्टरं, चर्चची पुस्तकं, थडग्यांचे फोटो. पॉलीही मला सापडली. एका मिशनऱ्याच्या वहीत तिचा बाप्तिस्मा होता आणि नवऱ्याचं नाव होतं. मी पॉली असं लिहिलं, पुढे नवऱ्याचं नाव घातलं आणि खाली जाड रेघ मारली. अख्खा वृक्ष जिच्यापासून सुरू होतो त्या बाईच्या एकुलत्या एक मुलीला मी दोन इंचांत संपवलं. हात जराही अडखळला नाही. स्क्रीनवर डोकावून श्रुतीनं एकदा विचारलंही होतं, "हिची पोरं कुठायत?" मी म्हटलं, "ती नवऱ्याच्या घराण्यात गेली ना." "हं, करेक्ट," श्रुती म्हणाली आणि अंडी परतायला गेली. आम्ही दोघी पदवीधर, दोघी वादविवाद स्पर्धा जिंकलेल्या, आणि दोघींपैकी एकीलाही काही खटकलं नाही.

नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात ओक्लाहोमाहून पत्र आलं. डोरोथींनी मेळाव्याची बातमी कुठल्याशा मासिकात दिली होती, ती वाचून आलेलं. आलेली पत्रं फोडून वाचायचं काम माझ्याकडेच होतं. निळ्या शाईत, रेघा मारलेल्या कागदावर, शाळेतल्या बाईंसारखं गोल अक्षर. लिहिणाऱ्या बाईंचं नाव लोरेना. त्यांनी लिहिलं होतं, आम्ही पॉलीच्या. पुढे एकाखाली एक सात नावं: पॉली, एल्सी, लूसी, जेनी, सेरा, मे, लोरेना. प्रत्येक जण आधीचीची मुलगी. आमच्यात मूल आईच्या कुळाचं असतं, असं त्यांनी समजावून सांगितलं होतं, मुलगा बाहेर गेला तर त्याची मुलं त्याच्या बायकोच्या लोकांची. तेव्हा सुझॅनाचं कूळ पुढे गेलं ते पॉलीकडून. तुमचा कागद म्युझियममध्ये लागणार आहे असं वाचलं. भिंतीवर जे लागतं तेच पुढे लोक खरं धरतात. म्हणून पॉलीच्या खाली या बायकांची नावं असावीत, एवढंच मागणं आहे. मी मेळाव्याला येईन. खाली फोन नंबर.

पत्र वाचून मी वृक्षाची फाइल उघडली. माझ्या बारा फुटी कागदावर सुझॅनाच्या कुळातलं, तिच्या लोकांच्या हिशेबानं, थॉमस आणि पॉलीनंतर एकही माणूस नव्हतं. जे होते ते सगळे पाहुणे, आणि घरची माणसं मी रेघ मारून बाहेर ठेवली होती.

तीन आठवडे हातात होते. पॉलीखालची सहा नावं लिहायला सहा मिनिटं लागतात. मी ती लिहिली नाहीत, आणि का लिहिली नाहीत ते सांगताना आजही जिभेवर कडू येतं. वृक्ष पूर्ण झाला असं मी डोरोथींना सांगून बसले होते. आता पॉलीची फांदी घालायची तर आधी कबूल करायला हवं होतं की 'सगळे' म्हणजे काय तेच मला कळलं नव्हतं, की पाच हजार वर्षांच्या संस्कृतीनं मला मुली खोडायला शिकवलंय. ते कौतुक माझ्यानं सोडवेना. मी डोरोथींना म्हटलं, ओक्लाहोमाच्या एक बाई येणार आहेत, चेरोकी आहेत. डोरोथींनी दोन्ही हात छातीशी नेले. "खऱ्याखुऱ्या?" नावांचं मी बोललेच नाही. पत्राची झेरॉक्स काढली आणि माझ्या फाइलमध्ये ठेवली, मूळ पत्र डोरोथींच्या खोक्यात तळाशी.

मेळावा एका चर्चच्या तळघरात होता. आत शिरताच गरम चरबीचा वास. टर्की मधोमध फाडलेली, तिच्या पोटातून भिजलेल्या पावाचा लगदा बाहेर आलेला. रताळ्यांच्या गोड भाजीवर साखरेचे फुगे वितळून तपकिरी झालेले. क्रॅनबेरीची जेली डब्यातून निघाली तशीच ताटात उभी, अंगावर डब्याच्या वळ्या उमटलेल्या. पोरं कागदी पिसं लावून टेबलांखालून पळत होती आणि कुणीतरी तोंडानं ढोलकी वाजवत होतं. भिंतीवर माझा कागद, वर सोनेरी अक्षरांत सुझॅना.

लोरेना दोन दिवस बसनं प्रवास करून आल्या होत्या. गडद निळा स्वेटर, जाड चष्मा, गळ्यात लाल विणलेला स्कार्फ. डोरोथींनी त्यांना मिठी मारली, आणि मग एकामागोमाग एक माणसं त्यांच्या शेजारी उभी राहून फोटो काढून घ्यायला लागली. एका काकांनी त्यांना विचारलं, "माझ्या चेहऱ्यात दिसतं का हो काही?" लोरेना म्हणाल्या, "तुमच्या चेहऱ्यात तुमची आई दिसत असेल." काका हसले. त्यांना ते कळलं असं वाटत नाही.

मग त्या कागदापाशी आल्या. बोट ठेवून वाचत गेल्या, सुझॅनापासून खाली. पॉलीपाशी बोट आलं आणि माझ्या जाड रेघेवर थांबलं.

"हे कुणी केलं?" त्यांनी विचारलं.

डोरोथींनी कौतुकानं माझ्याकडे हात केला. माझ्या हातात ताट होतं.

"माझं पत्र मिळालं होतं का तुला?"

"हो," मी म्हटलं.

"मग?"

"सॉफ्टवेअर," मी म्हटलं. "ते मुलींच्या पुढच्या पिढ्या घेत नाही. लिमिटेशन आहे."

असं कुठलंही सॉफ्टवेअर जगात नव्हतं. ते लिमिटेशन दादाकाकांच्या फॉर्मचं होतं, इस्लामपूरच्या त्या ट्रेचं होतं आणि माझं होतं. लोरेना रागावल्या नाहीत, हेच वाईट झालं. "असं होय," म्हणाल्या आणि पर्समधून पेन्सिल काढली. पॉलीखाली जागा होती. दादाकाकांच्या पद्धतीत मुलींखाली जागा पुष्कळ उरते. त्यांनी खाली वाकून, एक हात भिंतीला टेकवून, सहा नावं एकाखाली एक लिहिली. शेवटचं त्यांचं स्वतःचं. मग खुर्चीवर बसून पम्पकिन पायचा तुकडा खाल्ला, तिघा-चौघांशी बोलल्या आणि बसची वेळ झाली म्हणून निघाल्या.

त्या बाहेर पडतात न पडतात तोच थुंकी पाठवणारा पुतण्या सुरू झाला. म्युझियमला द्यायचा कागद आहे, कुणीही येऊन त्यावर गिरगटायचं म्हणजे काय, पुरावा काय, वगैरे. डोरोथी कावऱ्याबावऱ्या झाल्या. "मेडा, डिअर, काही करता येईल का?" मला अजूनही वाटतं, त्या क्षणी मी "नावं बरोबर आहेत, माझंच चुकलं" एवढं म्हटलं असतं तर डोरोथींनी ऐकलं असतं. त्या पुतण्याला गप्प बसवण्याइतका आवाज त्यांना होता. तीस वर्षं त्यांनी शाळेत पोरांची गाणी बसवली होती.

मी खोडरबर घेतलं. कागद चकचकीत होता, त्यावर रबरानं शिसं निघेना, नुसता काळपट फराटा उठला. मग मी अंगठा तोंडात घालून ओला केला आणि घासला. परत ओला केला, परत घासला. शिशाची चव आली. एल्सी गेली, लूसी गेली, जेनी, सेरा, मे गेल्या. लोरेना जरा दाबून लिहिलेलं होतं, त्याला दोनदा थुंकी लागली. मधेच पाठीमागून दार उघडल्याचा गार झोत आला आणि दार बंद झालं. मी वळून पाहिलं नाही. काम संपवून मी हात धुतले आणि रताळ्याची भाजी खाल्ली. चांगली होती, हेही सांगून टाकते.

परत येताना डोरोथींनी गाडीनं सोडलं. मी थांब्यापाशीच उतरले आणि त्या गिंकोंखालून चालत गेले. फळं बुटांखाली फुटत होती, आणि दारात आल्यावर श्रुती ओरडली, "बूट बाहेर काढ, यार, काय आणलंयस तू?" मी बूट बाहेर काढले.

नंतर डिग्री झाली, नोकरी लागली, लग्न झालं. डोरोथी गेल्याचं कुणाच्यातरी ईमेलवरून कळलं. लग्नात दादाकाकांनी छापील कुलवृत्तांताची प्रत दिली. तिच्यात मी आहे. वडिलांच्या नावाखाली, तळाशी: मेधा. पुढचा रकाना कोरा आहे, कारण छपाईच्या वेळी मला कुणास दिलं गेलेलं नव्हतं. ते वाचून मी तेव्हा हसले होते. नवऱ्यालाही दाखवलं, तोही हसला.

या ऑक्टोबरात चुलतभावाचा व्हॉट्सअ‍ॅप आला. कुलवृत्तांताची दुसरी आवृत्ती निघतेय, अमेरिकेतल्या शाखेचं काम तू घे, तुला एक्स्पीरियन्स आहे. सोबत फॉर्म. दिवस बदलले म्हणून 'कोणास दिली' काढून 'जावयाचे नाव' केलं होतं. अपत्यांचं पान मुलग्यांनाच. म्हणजे अन्वी कुठेच नाही. मी पेटले. तिच्या पियानो क्लासबाहेर गाडीत बसून तासभर मेसेज टाइप केला: समानता, संविधान, एकविसावं शतक, काही म्हणून बाकी ठेवलं नाही. सेंड करणार तेवढ्यात पायाशी तो वास आला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ बघत बसलेल्या बाईच्या बुटालाच सगळं लागलेलं होतं. मी मेसेज पुसला. पुसायचा सराव चांगला आहे मला.

मग फाइल काढली. पत्राची झेरॉक्स होती. आठ-दहा संध्याकाळी बसून मी सुझॅनाचा वृक्ष पहिल्यापासून केला. यावेळी पॉलीकडून. सातही बायका नोंदींमध्ये सापडल्या. सेराला नऊ मुलं होती, जेनी ओक्लाहोमापर्यंतची ती वाट चालून गेली तेव्हा लहान होती. त्यांची नावं मला आता झोपेतही म्हणता येतील. म्युझियमला लिहिलं, की तिथे लागलेला कागद चुकीचा आहे आणि चूक माझी आहे. त्यांचं उत्तर आलं की कुटुंबाची संमती लागेल. कुटुंब म्हणजे तो पुतण्या. त्यानं अजून काही कळवलेलं नाही. नावं भिंतीवर लागतील की नाही, सांगता येत नाही.

गेल्या रविवारी दुपारी पत्राखालचा नंबर फिरवला. लागेल असं वाटलं नव्हतं. एका बाईंनी उचलला.

"लोरेना आहेत का?"

"आई चार वर्षांपूर्वी गेली. मी तिची मुलगी, डीना. कोण बोलतंय?"

मी नाव सांगितलं, पेनसिल्व्हेनिया म्हटलं, मेळावा म्हटलं. नवा वृक्ष केलाय, पाठवू का, असं भराभरा बोलत गेले. त्यांनी मला पूर्ण बोलू दिलं. मग म्हणाल्या, "आई त्या दिवसाचं सांगायची. स्कार्फ विसरला म्हणून ती परत आत आली होती. एक मुलगी, तुमच्या भारतातली, अंगठा चाटून तिची नावं पुसत होती. आईनं खुर्चीवरचा स्कार्फ उचलला आणि तशीच बाहेर गेली. ती मुलगी तू का?"

सोळा वर्षांत मी बऱ्याच सबबी जमवल्या होत्या. डोरोथी, पुतण्या, वय, व्हिसा. त्यातली एकही तोंडातून निघाली नाही.

"हो," मी म्हटलं. "मीच."

पलीकडे कुत्रं भुंकत होतं. त्यांनी त्याला गप्प केलं.

"बरं," डीना म्हणाल्या. "पाठव कागद. मी तपासते." मग अगदी साध्या आवाजात, "आमच्या इतक्या बायका तुझ्याकडे आहेत. तुझ्याही सांग की. आई कोण तुझी?"

"सुमन."

"तिची आई?"

"इंदिरा. लग्नाआधी द्वारका."

"आणि तिची?"

वडिलांकडचे अकरा पुरुष मला पाठ आहेत. लोरेनाकडच्या सात बायका पाठ आहेत. मी गाडीची किल्ली हातात फिरवत राहिले. "विचारून सांगते," असं म्हणून फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुण्याला आईला फोन लावला. तिकडे संध्याकाळ होती, ती भाजी निवडत होती. "आई, तुझ्या आजीचं नाव काय गं? आईच्या आईचं?"

पलीकडे भाजीची परात बाजूला सरकवल्याचा आवाज आला.

"आम्ही तिला बाई म्हणायचो," ती म्हणाली. "नाव कुणी विचारलंच नाही."